वाचकांचे प्रश्न : इस्लाम ही भक्तीची वाट, की राज्याचा कारभार?

प्रश्न : सर, मी कापसाच्या धंद्यातला माणूस. जिनिंगमधले माझे भागीदार मुसलमान आहेत. ते म्हणतात, इस्लाम म्हणजे 'मुकम्मल निजाम-ए-हयात', जगण्याची संपूर्ण व्यवस्था. नमाज त्यात आली, तसं राज्यही आलं. माझा पुतण्या मोबाइलवर वाचून सांगतो, हा धर्मच नाही, धर्माचं पांघरूण घेतलेलं राजकारण आहे. आमच्या गावच्या पीरबाबाच्या उरुसाला आम्ही लहानपणापासून जातो, तिथे मला ना राज्य दिसलं ना राजकारण. तिघांत खरं कोण? गोल गोल उत्तर देऊ नका.
एक वाचक, पारोळा

उत्तर : भाऊ, तुमचे भागीदार आणि तुमचा पुतण्या एकमेकांशी भांडत असतील, पण दोघं एकाच बाजूचे आहेत. इस्लाममध्ये राज्य चालवायची तयार व्यवस्था आहे, हे दोघांनाही कबूल. एकाला तिचा अभिमान, दुसऱ्याला तिची धास्ती. मला ते मुळातच कबूल नाही. इस्लामचा राज्याशी संबंध आला, फार लवकर आला, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण राज्य कसं उभारावं, कोणी चालवावं, याची व्यवस्था त्या धर्माने दिलेली नाही. मी अमळनेरला शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो. घरचा पिंजारी, जुम्म्याला म्हणजे शुक्रवारी मशिदीत जाणारा. तेव्हा हे उत्तर त्रयस्थाचं आहे असं समजून वाचू नका.

आधी तुमच्या पीरबाबाच्या बाजूला धक्का देतो, म्हणजे तुम्हालाही वाटायला नको की सर आपल्याला सांभाळून घेताहेत. इ.स. ६१० मध्ये मक्केत मुहंमद पैगंबरांना पहिला संदेश आला. पुढे बारा-तेरा वर्षं त्यांच्या हाती ना सैन्य ना सत्ता. ईश्वर एक आहे, मेल्यावर हिशेब द्यावा लागेल, अनाथाला हुसकावू नका, असं सांगत फिरायचं आणि छळ सोसायचा. ६२२ साली ते मक्का सोडून यस्रिबला गेले, ज्याला पुढे मदिना म्हणू लागले. तिथल्या औस आणि खजरज या टोळ्यांचं जुनं हाडवैर होतं, त्यांना पंच पाहिजे होता. पंच म्हणून गेले, टोळ्याटोळ्यांमध्ये करार झाला, त्यात ज्यूही होते. मग ६२४ ची बद्रची लढाई, ६२८ चा हुदैबियाचा तह, ६३० मध्ये मक्का हाती आली. शेवटची दहा वर्षं तोच माणूस उपदेशकही होता, न्यायाधीशही आणि सेनापतीही. आपल्या संतांच्या वाट्याला हे कधी आलं नाही. तुकोबांना कुठे तह करावे लागले?

त्या दहा वर्षांचं सगळं ग्रंथात उतरलं आहे. कुराणातली सगळ्यात लांब आयत, म्हणजे वचन, कशाबद्दल आहे, हे तुमच्या भागीदारांना विचारा. दुसऱ्या सूरहमधली, म्हणजे अध्यायातली, २८२ वी. ती नमाजेबद्दल नाही, स्वर्गाबद्दलही नाही. उधारीचा व्यवहार करताना लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, लिहिणाऱ्याने टाळाटाळ करू नये, यावर ती आहे. ८३ वी सूरह तर मापात मारणाऱ्यांना दम भरतच सुरू होते. बाजार, लग्न, तलाक, वारसा, लढाई, लुटीची वाटणी, सगळ्यावर आयती आहेत. तेव्हा 'इस्लाम म्हणजे फक्त मनातली भक्ती' हे म्हणणं दिसायला गोड आहे, पण ते त्या ग्रंथाला धरून नाही.

आता भागीदारांकडे वळतो. हाच ग्रंथ वारसाहक्काचे हिस्से किती बारकाईने सांगतो बघा. एकटी मुलगी असेल तर निम्मा, मुलंबाळं असतील तर विधवेला आठवा, आईला सहावा. आमच्याकडे कोणी वारला की मौलवीसाहेबांपुढे बसून हे अपूर्णांक मांडावे लागतात, आणि गणितात कच्च्या मुलांचे तेव्हा हाल होतात. जो ग्रंथ विधवेचा आठवा हिस्सा विसरत नाही, तो राज्यकर्ता कसा निवडावा यावर काय सांगतो? ४२ व्या सूरहमध्ये, त्यांचे कारभार आपसांतल्या सल्ल्याने चालतात, एवढं. चौथ्या सूरहमध्ये, ज्याची ठेव त्याला परत करा, निवाडा न्यायाने करा, तुमच्यातल्या अधिकाऱ्यांचं ऐका. झालं. मुदत किती, वाईट निघाला तर काढायचा कसा, राजा की पंचायत, एक अक्षर नाही.

आणि हे नसल्याचा फटका लगेच बसला. ६३२ मध्ये पैगंबर गेले आणि दफनाआधीच वारस कोण यावर बैठक बसली. पहिले चार खलिफा, म्हणजे पैगंबरांमागचे राज्यप्रमुख, चार निरनिराळ्या रीतींनी आले. अबू बक्र जमलेल्या लोकांच्या मान्यतेने, उमर यांना अबू बक्रांनी नेमलं, उस्मान सहा जणांच्या मंडळातून, अली मदिनेतल्या लोकांच्या आग्रहाने. चारांपैकी तिघांचे खून झाले. मग सीरियाचे सुभेदार मुआविया खलिफा झाले, त्यांनी गादी मुलाला दिली आणि राज्य सरळ घराण्याचं झालं. ६८० मध्ये त्याच मुलाच्या, यझीदच्या फौजेने करबलाला पैगंबरांच्या नातवाला मारलं. व्यवस्था ठरलेली असती तर पहिल्या पन्नास वर्षांत, पैगंबरांना डोळ्यांनी पाहिलेली माणसं हयात असताना, हे झालं नसतं. शिया बांधव इथे मला अडवतील, की वारस ठरलेलाच होता, अलींचं नाव सांगितलेलं होतं, तुम्ही ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी. पण एवढ्या मुळातल्या गोष्टीवर चौदाशे वर्षं एकमत नाही, यातच माझं उत्तर आलं.

एक प्रसंग जरा सावकाश सांगतो, कारण आजच्या सगळ्या वादाचं बी त्यात आहे. ६५७ मध्ये सिफ्फीनला अली आणि मुआविया समोरासमोर आले. लढाई थांबवून लवादाकडे जायचं ठरलं. तेव्हा अलींच्याच फौजेतला एक गट बिथरला. माणसांनी निवाडा करायचा म्हणजे काय? हुकूम फक्त अल्लाचा! कुराणात तसे शब्द आहेत, त्यामुळे घोषणा बिनतोड वाटली. अलींचं उत्तर प्रसिद्ध आहे : बोल खरा आहे, पण त्याआडचा हेतू खोटा आहे. त्यांचं म्हणणं असं, की ग्रंथ स्वतः बोलत नाही, माणसं त्याला बोलतं करतात. 'अल्लाचं राज्य' म्हणणारा शेवटी स्वतःचंच राज्य मागत असतो, फक्त त्याला कोणी उलटून विचारू शकत नाही. त्या गटाला खारिजी म्हणतात. ६६१ मध्ये त्यांच्यातल्याच एकाने अलींना मारलं. पुढे जो जो बंदूक घेऊन 'हुकूम अल्लाचा' म्हणत उठला, त्याच्याबद्दल उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, पहिला शब्द वापरला तो हाच : खारिजी.

मग शरियत, म्हणजे इस्लामी कायदा, कोणी लिहिली, असं पुतण्या विचारेल. बादशहांनी नाही, हे नक्की. ती मदरशांतल्या आणि बाजारातल्या विद्वानांनी रचली, आणि एक नाही, सुन्नींमध्येच तिचे चार मुख्य पंथ झाले. आम्ही इथले बहुतेक हनफी. ज्या इमाम अबू हनीफांच्या नावाने हनफी, ते स्वतः कापडाचे व्यापारी. खलिफाने काझीपद देऊ केलं, त्यांनी नाकारलं, आणि ७६७ मध्ये बगदादच्या कैदेत वारले. हंबली पंथाचे इमाम अहमद यांनी खलिफाने सांगितलेला सिद्धांत मान्य केला नाही म्हणून फटके खाल्ले. अर्थात अबू हनीफांचेच शिष्य अबू युसूफ पुढे हारून रशीदच्या दरबारी मुख्य काझी झाले. विद्वानांतही दोन्ही तऱ्हा. पण कायदा विद्वानाच्या हाती आणि तलवार सुलतानाच्या हाती, अशी फाळणी शतकानुशतकं चालली. सरकारनेच शरियत कलमांमध्ये छापायची आणि पोलिसाकरवी राबवायची, ही कल्पना अलीकडची. आधुनिक सरकार नावाचं यंत्र आल्यावरची.

तुमच्या भागीदारांच्या तोंडचा 'निजाम-ए-हयात' गाजवला तो मौलाना मौदूदींनी. जन्म १९०३, आपल्या शेजारच्या औरंगाबादला. ३ मार्च १९२४ ला तुर्कस्तानच्या संसदेने खिलाफत मोडीत काढली, इकडे इंग्रजांचं राज्य, तिकडे साम्यवादाची हवा. प्रत्येक विचाराजवळ आपली आपली 'व्यवस्था' होती, मग आपल्याजवळ का नको? १९४१ मध्ये लाहोरला त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापन केली. माणूस अभ्यासू होता, उर्दू तर अशी की वाचत राहावं. पण त्यांनी केलं ते विसाव्या शतकाचं काम, सातव्या शतकाचं नव्हे. १९२५ मध्येच इजिप्तचे शरियत न्यायाधीश अली अब्द अल-राझिक यांनी लिहिलं होतं, की पैगंबरांचं काम धर्माचं, खिलाफत हा धर्माचा भाग नाही. कैरोच्या अल-अझहर विद्यापीठाने त्यांची पदवी काढून घेतली. म्हणजे हे मत मांडणंही स्वस्त नव्हतं. इराणात १९७९ ला खोमेनींनी धर्मगुरूच्या हाती राज्य दिलं, तेव्हा इराकमधल्या नजफचे आयातुल्ला खोई, शियांमधले तेवढेच मोठे, त्या सिद्धांताच्या विरोधात होते.

आता पुतण्याच्या बाजूने जाणाऱ्या, पण खऱ्या गोष्टीही मी झाकून ठेवणार नाही. पैगंबरांनंतर काही टोळ्यांनी जकात, म्हणजे मालमत्तेतून काढायचं सक्तीचं दान, द्यायला नकार दिला तेव्हा अबू बक्रांनी त्यांच्यावर स्वारी केली. म्हणजे तेव्हा जकात ही उपासनाही होती आणि सरकारी वसुलीही. बिगर-मुस्लिम प्रजेवर जिझिया नावाचा कर होता, त्याला कुराणाच्या नवव्या सूरहचा आधार दिला गेला. जुन्या फिक्हच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, ग्रंथांत धर्म सोडणाऱ्याला देहदंड आहे, आणि दुसऱ्या सूरहमधली 'धर्मात जबरदस्ती नाही' ही आयतही त्याच समाजाच्या तोंडपाठ आहे. या दोन्हींचा मेळ अजून सगळ्यांनी घातलेला नाही. मला विचाराल तर ते देहदंडाचं कलम एका काळातल्या राज्याचं आहे, तिथे धर्म सोडणं म्हणजे शत्रूला जाऊन मिळणं धरत. ते आज धर्म म्हणून मिरवणाऱ्याशी माझं भांडण आहे, आणि ते मी मशिदीच्या ओट्यावर बसूनही करतो.

खान्देशातलं बघा, म्हणजे हे सगळं अरबस्तानातलं राहणार नाही. इथे फारुकींनी दोनशेहून अधिक वर्षं राज्य केलं. खलिफा उमर 'फारूक' यांचे आपण वंशज, असा त्यांचा दावा. पहिली राजधानी तापीकाठचं थाळनेर. शिरपूर तालुक्यात त्यांच्या कबरी आजही उभ्या आहेत. ते लढले कोणाशी? गुजरातच्या सुलतानाशी, माळव्याच्या सुलतानाशी, बहामनींशी. शेवटी १६०१ मध्ये असीरगड घेऊन त्यांचं राज्य बुडवलं अकबराने. सगळे कलमा म्हणणारे, म्हणजे मुसलमानच. यात इस्लामची राज्यव्यवस्था कोणती, हे शोधायला मी पुतण्याला माझ्याकडची पुस्तकं द्यायला तयार आहे.

आणि तुमचे पीरबाबा. फारुकींनी नवी राजधानी वसवली, तिला खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या अवलियाचं नाव दिलं, बुऱ्हाणपूर. या बुऱ्हाणुद्दीनांचे गुरू दिल्लीचे निजामुद्दीन. सुलतान भेटायला येतो म्हणाला तेव्हा, माझ्या घराला दोन दारं आहेत, तो एकातून आला तर मी दुसऱ्यातून जाईन, असं ते म्हणाल्याची आख्यायिका आहे. त्यांच्या शिष्याचं नाव राजधानीला! राजाला पुण्याई पाहिजे होती, खानकाहला म्हणजे सूफींच्या मठाला जमीन. तुमच्या गावच्या दर्ग्याचा सातबारा काढून बघा, बहुधा देवस्थान इनाम निघेल. अशा कित्येक सनदा मराठ्यांच्या राज्यातही चालू राहिल्या. उरुसात राज्य दिसत नाही म्हणता, ते तलाठ्याच्या दप्तरात दिसेल. पण त्याच बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत १५९० च्या सुमाराचा एक शिलालेख आहे, अरबीसोबत चक्क संस्कृतातला. अव्यक्त, सर्वव्यापी, गुणांपलीकडच्या ईश्वराला वंदन करून मग राजाची वंशावळ आणि तिथी. एकाच दगडावर भक्तीही आहे आणि घराण्याची जाहिरातही. मला तो फार आवडतो, कारण त्यात काही लपवलेलं नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही' असं मी देत नाही. इस्लाम राज्यकर्त्याकडून न्याय मागतो, बाजारात चोख माप मागतो, आणि हे मागणं म्हणजे राजकारणच असेल तर आहे. राज्य कसं बांधायचं ते मात्र त्याने माणसांवर सोडलं. ज्यांनी ज्यांनी ते अल्लाच्या नावाने बांधलं, त्यांच्या बऱ्या-वाईटाचा जाब त्यांनाच विचारावा.

प्रश्न : सर, शरियत मानणारा माणूस संविधानाशी पूर्ण बांधील राहू शकतो का? मी हे द्वेषाने विचारत नाही. शाळेत मुलं विचारतात आणि मला उत्तर सुचत नाही.
एक शिक्षिका, धुळे

उत्तर : ताई, मुलांना आधी हे सांगा, की भारतात शरियतचा जो भाग कायदा म्हणून चालतो तो लग्न, तलाक, वारसा, वक्फ अशा बाबींपुरताच, आणि तोही १९३७ च्या सरकारी कायद्याने. फौजदारीतून शरियत इंग्रजांनीच काढली, १८६० च्या दंडसंहितेने. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला, २०१९ मध्ये संसदेने तसा तलाक देणं गुन्हा ठरवलं. आमच्यातल्या काहींना ते रुचलं नाही, पुष्कळ बायांना रुचलं. जे झालं ते कोर्टात आणि संसदेत झालं.

दुसरं, देवबंदच्या मदरशाचे मौलाना हुसेन अहमद मदनी. १९३८ मध्ये कवी इक्बालांशी त्यांचा वाद झाला. मदनींचं म्हणणं, की राष्ट्र भूमीने बनतं, आणि मदिनेत पैगंबरांनी ज्यूंना बरोबर घेऊन करार केला, तसा आमचा हिंदूंशी एका देशाचा करार आहे. पाचव्या सूरहचं पहिलंच वाक्य, करार पाळा. फाळणीला त्यांनी कडाडून विरोध केला. दाढी, टोपी, पाच वेळची नमाज, आणि पाकिस्तानला नाही. तुमच्या मुलांना हा माणूस बहुधा कोणी सांगितलेला नसेल.

बाकी कधी यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याला जा. तडवी भिल्ल धर्माने मुसलमान, सरकारदप्तरी अनुसूचित जमात. तिथल्या बाईला राजकारण विचारलंत तर ती वनहक्काचा दावा मंजूर का होत नाही ते सांगेल. आमच्या घरातही राजकारणाचा विषय निघाला की आजोबा म्हणायचे, 'आपले रुई पिंजनी शे, राज नई करनं.' मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. मत द्यायचं, पाण्यासाठी मोर्चात जायचं, नगरपालिकेत भांडायचं, हे सगळं करायचंच, आणि त्यासाठी खलिफा लागत नाही.

प्रश्न : शुक्रवारी मशिदीत भाषण होतं. त्यात राजकारण शिकवतात असं म्हणतात. खरं का?
एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : एके काळी होतं, आणि उघड होतं. खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या त्या भाषणात, ज्याचं नाव घेतलं तो राजा, आणि नाव गाळलं तर बंड, असा संकेत होता. खिलाफत बुडेपर्यंत हिंदुस्थानातल्या पुष्कळ मशिदींत तुर्की सुलतानाचं नाव घेत.

आज आमच्याकडे आधी उर्दूत बयान म्हणजे प्रवचन होतं, मग अरबीत छोटा खुतबा. खुतब्याच्या शेवटी बहुतेक ठिकाणी १६ व्या सूरहची ९० वी आयत म्हणतात : अल्ला न्यायाची, भलाईची आणि नातलगांना देण्याची आज्ञा करतो. बयानात मी ऐकतो ते विषय म्हणजे लग्नातला खर्च, गुटखा, मुलींचं शिक्षण, भावाने भावाची जमीन दाबणं. रमजान जवळ आला की जकात, चाळिसावा हिस्सा, आणि पावतीपुस्तकं घेऊन फिरणारे मदरशांचे सफीर. कधी कधी गाझा येतं, कधी निवडणूक आली की 'मत वाया घालवू नका' येतं. एखादा इमाम तोल सोडून बोलतोही, तेव्हा बाहेर पडल्यावर म्हातारे त्याला धरतात. एकदा येऊन बघ. अमळनेरला आलास तर मला कळव, मागच्या सफेत, म्हणजे रांगेत, बसू. बयान दीड तासभर नसतं, घाबरू नकोस. आमच्या इमामसाहेबांना दुकान उघडायची घाई असते. अरबी भागाचं मराठी मी तिथल्या तिथे करून देईन, आणि न पटलेलं काय ते मला पोस्टकार्डावर लिही, पुढच्या अंकात घेऊ.